खालची हाक

बेडूक हे काही शिवी म्हणून पडलेलं नाव नव्हतं. जो माणूस आयुष्यातली वीस वर्षं विहिरींच्या तळाशी काढतो त्याला गाव दुसरं काय म्हणणार? एकेचाळीस विहिरी त्याने खोदल्या, त्यातल्या अडतीस पाण्याला लागल्या. उरलेल्या तिन्हींबद्दल विचारलं की म्हणायचा, "दगडाचं काही चुकलं नाही. मीच जागा निवडताना मालकाचं ऐकलं." त्याच्या बायकोला मग आपोआपच बेडकी म्हणू लागले. तिला आधी राग यायचा. पुढे तीच म्हणायला लागली, "बरं झालं बाई, घुबड नाही म्हणाले."

गेल्या उन्हाळ्यापासून मात्र गावाने नाव बदललं. आता त्याला दारुड्या म्हणत, आणि ही शिवीच होती.

दारूचा थेंब त्याने कधी ओठाला लावला नव्हता. त्यात साधूपणा काही नव्हता. खाली उतरणाऱ्यांचा हिशेबच तसा असतो: न पिणारा रोज खाली जातो, पिणारा एकदाच जातो. पण बागमालकांच्या विहिरीत त्याचा उजवा पाय चिरडला, आणि कागदावर लिहिलं गेलं, 'मजूर नशेत होता.' त्या तीन शब्दांनी जे केलं ते पायानेही केलं नव्हतं. पाय दोन ठिकाणी मोडला, वाकडा का होईना पण जुळला. शब्द जुळेना. नशेत असलेल्या माणसाला विहिरीत कोण उतरवणार? वर्षभर एकाही मालकाने त्याला बोलावलं नाही. तो अंगणात बसून दुसऱ्यांच्या छिन्न्यांना धार लावायचा, आणि बेडकी रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. हातोडी नेम चुकून अंगठ्यावर बसली की ती मालकाच्या नावाने एक शिवी हासडायची. त्याने अंगठ्याला बरं वाटायचं.

झालं होतं ते असं. विहिरीच्या कामात कायदा एकच असतो. वर कितीही मोठा माणूस उभा असो, खालून हाक आल्याशिवाय दोर हलवायचा नाही. वरच्याला खालचं दिसत नाही, म्हणून हुकूम खालच्याचा. एरवी जगात वरचा बोलतो आणि खालचा ऐकतो. विहिरीपुरतं तेवढं उलटं असतं, आणि ते उलटं असतं म्हणूनच माणसं जिवंत वर येतात.

त्या दिवशी दहा परस, म्हणजे दहा माणसं एकावर एक उभी राहतील एवढं, खाली बेडूक यारीच्या बादलीत दगड बसवत होता. यारी म्हणजे काठावर उभं केलेलं लोखंडी धूड, इंजिनावर चालणारं, तारेच्या दोराला हंड्याएवढी नाही तर चांगली माणूस बसेल एवढी बादली. त्याचा एक पाय बादलीत होता, एक बाहेर. नवा झरा नुकताच फुटला होता. वर मालकांकडे पाहुणे आले होते, आणि मालकांना पहिला ओला दगड पाहुण्यांच्या हातात द्यायचा होता. ते यारीवाल्याला म्हणाले, "ओढ." यारीवाला म्हणाला, "हाक नाही आली." मालक म्हणाले, "मी सांगतोय ना?" यारीवाल्याने दांडा ओढला. बादली हिसक्यासरशी वर गेली आणि बाहेरचा पाय दक्षिणेच्या बाजूला पुढे आलेल्या कपारीत सापडला.

बेडकी तेव्हा पलीकडे मलब्याच्या ढिगावर घमेलं रिकामं करत होती. मालक काय म्हणाले ते तिने ऐकलं नाही. पण हाक आली नव्हती हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण नवऱ्याची हाक तिला झोपेतही ऐकू यायची. अपघाताची चौकशी करायला कचेरीतून साहेब आले, तेव्हा तिने ते सांगितलंही. साहेब म्हणाले, "बायको नवऱ्याचंच सांगणार." मग त्यांनी यारीवाल्याला विचारलं. यारीवाला म्हणजे बेडकाचा पंधरा वर्षांचा जोडीदार, एका ताटात जेवलेला, बेडकीला वहिनी म्हणणारा. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "तोंडाला वास येत होता." पुढच्याच महिन्यात त्याला बागेत कायमची नोकरी लागली.

त्यानंतर नवरा-बायको त्या कचेरीत सात वेळा गेले. भिंतीला चार खुर्च्या होत्या, पण शिपाई म्हणायचा, त्या कामाच्या माणसांसाठी आहेत. बेडूक कुबडीवर उभा राहायचा. दुखऱ्या पायाला घाम फुटायचा, तो पायजम्यातून दिसायचा. सातव्या वेळी साहेबांनी मान वर केली.

"तुला पाहिजे तरी काय? भरपाई?"

"नको. तेवढा शब्द खोडा."

"कागदावरचा शब्द काय खडूने लिहिलाय पुसायला?"

"मग कशानं पुसतात ते सांगा साहेब. घेऊन येतो."

साहेबांनी त्याला बाहेर काढलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि तो खाल्ल्यावर बोलायला जागा उरत नाही. घरी सासूने विचारलं, "काय म्हणाले?" बेडूक म्हणाला, "बसा म्हणाले." म्हातारी म्हणाली, "मेल्या, खोटं बोलायला तरी नीट शीक." मग तिघंही हसली. हसता हसता बेडकीला रडू आलं, ते तिने चुलीच्या धुरावर ढकललं.

यंदाचा उन्हाळा गेल्या साली पडला होता त्याहून वाईट निघाला. विहिरींनी तळ दाखवले. मालकांची फळबाग दीडशे एकरांची. झाडांची पानं कडेने करपू लागली, फळं बोराएवढी होऊन गळू लागली. विहीर आणखी दीड परस खाली न्यायची तर बाहेरगावची टोळी आली. त्यांच्या म्होरक्याने वाकून दक्षिणेची कपार पाहिली, एक खडा मारला, आवाज ऐकला आणि म्हणाला, "हिच्याखाली मी माझी माणसं घालणार नाही. ज्यानं खोदली त्यालाच माहीत, हिला टेकू कुठं लागतो." दुसरी टोळी आली, तीही तेच म्हणाली.

तेव्हा यारीवाला अंगणात येऊन उभा राहिला. वर्षभरात पहिल्यांदा. बेडकीने त्याच्याकडे पाठ केली आणि झाडू मारायला लागली, तोही असा की सगळी धूळ त्याच्याकडे जावी.

"मालकांनी बोलावलंय," तो खोकत म्हणाला.

"मालकांना पाय आहेत," बेडूक छिन्नीवरून नजर न उचलता म्हणाला. "दोन्ही."

दुसऱ्या दिवशी मालक स्वतः आले. अडला हरी गाढवाचे पाय धरी, फरक इतकाच की या हरीला गाढवाचे पाय धरतानाही आपणच उपकार करतोय असं वाटत होतं. म्हातारीने त्यांना बसायला काही टाकलं नाही. ते उभ्यानेच बोलले.

"झालं गेलं विसरून जा. तुला कोणी काम देत नाही, मी देतोय. गावात तुझी अब्रू परत येईल."

"अब्रू तुमच्याकडेच ठेवलेली होती होय?" म्हातारी म्हणाली. "आम्ही घरभर शोधली."

मालकांनी ते न ऐकल्यासारखं केलं. बेडकाने छिन्नीचं टोक अंगठ्यावर घासून पाहिलं. मग म्हणाला, "उद्या सकाळी येतो."

मालक गेल्यावर बेडकीने झाडू फेकला. "लाज नाही वाटली? ज्याने पाय घेतला, नाव घेतलं, त्याच्याच विहिरीत?"

"हात दगडाखाली सापडला की ओढायचा नसतो गं," तो म्हणाला. "दगड हलवायचा असतो."

"म्हणजे काय ते नीट सांग."

"उद्या ये. डबा दोन माणसांचा आण. जास्त आण."

तिला काही कळलं नाही. तिला एवढंच वाटलं, की भुकेने अखेर याची मान वाकवली, आणि त्या रागात ती रात्रभर त्याच्याकडे पाठ करून झोपली.

सकाळी तो खाली उतरला. यारीच्या बादलीत बसला, कुबडी वर बायकोच्या हाती दिली. यारीवाल्याने इतक्या हळू सोडलं, जणू बादलीत अंडी होती. खाली घोटाभर पाणी, पंप तेवढंही उपसत होता. बेडकाने आधी तास-दोन तास खरंच काम केलं. पहारीने सैल चिपा पाडल्या, कपारीला कुठे लाकूड लावायचं तिथे खूण केली. घणाचे ठोके ऐकून काठावर मालक समाधानाने मान हलवत होते. मग ठोके थांबले. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

"काय झालं रे?" यारीवाल्याने वाकून विचारलं.

"काम बंद," खालून आवाज आला. "मी इथंच बसणार आहे. मालकांनी काठावर उभं राहून सांगायचं, की गेल्या वर्षी हाक आली नव्हती. साहेबांनी ते लिहायचं. मग मी वर येईन, आणि मग सांगेन टेकू कुठं लावायचा."

बेडकीच्या हातातली कुबडी खाली पडली. आधी तिला रागच आला. मला सांगितलं का नाही? मी काय गावभर सांगत फिरले असते? मग काल रात्री आपण पाठ करून झोपलो ते आठवलं. ती डबा घेऊन काठाशी गेली, तो दोरीला बांधला आणि खाली सोडला.

"जेव," ती ओरडली. "आणि घरी ये, मग बघते तुझ्याकडे."

मालक हसले. "बेडूक फुगला म्हणून बैल होत नाही," ते जमलेल्या मजुरांना म्हणाले. "पंप बंद करा. पाणी चढलं की येईल आपणहून वर."

पंप बंद झाला. विहीर गप्प झाली, आणि झऱ्याचा आवाज वर ऐकू येऊ लागला. बागेला पुरत नव्हतं एवढंसं ते पाणी, पण एका माणसाला पुरण्याइतकं होतं. दुपारी ते पोटरीला लागलं, संध्याकाळी गुडघ्याला. मालकांनी दोघा मजुरांना खाली उतरून त्याला बांधून आणायला सांगितलं. दोघांनी कपारीकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं. एकाची अचानक कंबर धरली, दुसऱ्याला घरी पाहुणे आल्याचं आठवलं.

रात्र बेडकीने काठावरच काढली. तासातासाला ती विचारायची, "आहेस का?" आणि खालून यायचं, "जातो कुठं?"

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत अर्धं गाव काठावर जमलं होतं. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, असं म्हणणारे होते. नाक दाबलं की तोंड उघडतं, असं हळूच म्हणणारेही होते. पण मोठ्याने कोणीच काही म्हणत नव्हतं, कारण निम्म्यांची रोजी बागेत होती. ऊन चढलं. बागेतली झाडं सगळ्यांसमोर वाळत होती, आणि मालकांचा चेहरा त्यांच्याबरोबर. अखेर त्यांनी गाडी पाठवून साहेबांनाच आणवलं.

साहेब छत्री घेऊन काठावर आले, वाकले आणि म्हणाले, "वर ये. हा गुन्हा आहे."

"लिहून घ्या साहेब," खालून आलं. "तुम्हाला लिहायची सवय आहेच."

कोणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांनी वळून पाहिलं, पण कोण हसलं ते कळायच्या आत आणखी दोघे हसले होते.

बेडकीला मात्र हसू येईना. तिने खाली पाहिलं. पाणी मांडीच्या वर चढलं होतं. वाकड्या पायावर एवढा वेळ उभं राहणं अशक्य होतं, म्हणून तो बादलीच्या काठावर चढून बसला होता. एक पाय आत आणि दुखरा पाय बाहेर. थंड पाण्याने तो पाय आखडून लाकडासारखा झाला होता. तो बाहेरच ठेवायला लागत होता, आत घेता येत नव्हता. त्याच्या डोक्यावर पाच हात उंचीला दक्षिणेची तीच कपार पुढे आलेली होती.

हे मालकांनीही पाहिलं. पाहिलं ते फक्त एवढंच, की माणूस बादलीत आहे.

"अरे, हा तर बादलीतच बसलाय!" त्यांचा आवाज एकदम हलका झाला. "मग वाट कसली बघताय? ओढ!"

यारीवाला इंजिनाशी उभा होता. इंजिन सकाळपासून चालूच होतं. त्याचा हात सवयीने दांड्यावर गेला.

ओरडावं, धावावं, मालकाचे पाय धरावेत, सगळं बेडकीच्या एकदम मनात आलं. पाय तर तिने खरंच धरले असते. नवऱ्याचा दुसऱ्यांदा चिरडला जाणारा पाय पाहण्यापेक्षा ते सोपं होतं. पण खाली तो मान वर करून बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर भीती होती. ती तिने पाहिली. तो घाबरलेला असूनही तोंडातून 'थांब' म्हणत नव्हता. मग आपण कोण पाय धरणार? ती वळली आणि वर्षभरात पहिल्यांदा यारीवाल्याच्या डोळ्यांत बघून बोलली.

"भावजी, हाक आली का?"

यारीवाल्याने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर आला होता.

"ऐकू येत नाही का तुला?" मालक ओरडले. "मी सांगतोय, ओढ!"

यारीवाल्याने दांड्यावरचा हात काढला. हाताला तेल लागलं होतं, ते त्याने सदऱ्याला पुसलं. पुसतच राहिला, जणू ते कधी निघणारच नव्हतं. मग त्याने इंजिन बंद केलं. एवढ्या मोठ्या आवाजाची सवय झालेले कान एकदम सुन्न झाले.

"खालून हाक नाही आली, मालक," तो म्हणाला. "मागच्या वेळीही आली नव्हती."

साहेबांची छत्री एका बाजूला कलली.

"तू काय बोलतोस ते तुला कळतंय का?" मालक दातांतून म्हणाले.

"कळतंय. तेव्हाही कळत होतं."

"उद्यापासून यायचं नाही बागेत."

"बरं," यारीवाला म्हणाला, आणि हे 'बरं' त्याने असं म्हटलं, जसं एखाद्याने पाणी हवं का विचारावं आणि दुसऱ्याने हो म्हणावं.

बेडकीने साहेबांकडे पाहिलं. "साहेब, ऐकलंत ना? लिहा."

साहेब चाचरले. "तो जुना कागद कचेरीत आहे. असं इथं उघड्यावर..."

"गाडी आहे ना मालकांची? पाठवा. कागद आणा, किंवा नवा काढा."

"रीतसर अर्ज करावा लागेल. आठ दिवसांत..."

तेवढ्यात खालून आवाज आला, "कोण बोललं? काय बोललं? इथं काही ऐकू आलं नाही."

बेडकीने ओठ दाबले. विहिरीच्या तळाशी सगळं ऐकू येतं. काठावर चिमणी बसली तर तिचे पंख ऐकू येतात, हे तिला लग्नानंतरच्या पहिल्याच विहिरीत कळलं होतं, आणि पंधरा वर्षांच्या जोडीदारालाही ते माहीत होतं. यारीवाल्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. तो काठाशी आला, गुडघ्यांवर बसला, दोन्ही तळहात तोंडाभोवती धरले आणि पोटातून ओरडला.

"हाक आली नव्हती! मालकांनी ओढायला लावलं! तू प्यायला नव्हतास, मी खोटं बोललो!"

विहिरीने ते गोल फिरवून वर आणलं, आणि मागे उभ्या असलेल्यांनाही पुन्हा एकदा ऐकवलं. खडीच्या कामावरची एक बाई म्हणाली, "मी पण ऐकलं." तिच्या शेजारचा म्हणाला, "मीही." मग काल कंबर धरलेला मजूर ताठ उभा राहून म्हणाला, "माझंही नाव घ्या, साहेब." मालक सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होते. त्यांना एकेकाला कामावरून काढायचं असतं तर बरीच मोठी यादी झाली असती. ते वळले आणि गाडीकडे चालू लागले, पण गाडीचा चालकही काठावर उभा राहून ऐकत होता, त्यामुळे त्यांना गाडीत एकट्यानेच बसून राहावं लागलं.

साहेबांनी छत्री मिटली. कोणीतरी त्यांना मलब्यातला एक सपाट दगड बसायला आणून दिला. त्यांनी खिशातून पेन काढलं, गुडघ्यावर कोरा कागद घेतला आणि यारीवाल्याला नाव विचारलं.

"लिहायला लागले का?" खालून विचारणा झाली. दात वाजत होते, तरी आवाजात घाई नव्हती.

"लागले," बेडकी म्हणाली.

"पूर्ण होऊ दे. मग हाक देतो."

ती काठावर पाय सोडून बसली. पदराने तोंड पुसलं आणि साहेबांकडे वळली.

"सावकाश लिहा साहेब," ती म्हणाली. "एक शब्द सुटायला नको."